खंडेनवमीचा फोटो

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. आणि मी काही मुखदुर्बळ माणूस नाही बरं का. मोशीच्या चावडीपासून विधानसभेपर्यंत मी बोलत बोलतच आलो. माईक बंद पडला तरी माझा आवाज मागच्या रांगेला ऐकू जातो, असं माझे लोक कौतुकानं सांगतात. मग एवढी एक गोष्ट — चार वाक्यांची — सतरा वर्षांत तोंडातून का निघत नाही? चीड येते. दुसऱ्या कुणाची नाही, माझीच.

आता लिहितोय तेही धैर्य आलं म्हणून नाही. पुढच्या महिन्यात मला पन्नास पूर्ण होतात. त्यानिमित्त आमच्या लोकांनी गौरव अंक काढायचं घेतलंय. संपादक आहेत कॉलेजातले प्राध्यापक देशमाने — तरुण, उत्साही आणि भयंकर चिकट. 'कामगार ते मंत्री' असं अंकाचं नावसुद्धा त्यांनी मला न विचारता ठरवून टाकलं. परवा ते एक जुना फोटो घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, हा पहिल्या पानावर. खाली दोन ओळी तुमच्या हस्ताक्षरात द्या." दोन ओळी! तीन दिवस झाले, मी त्या दोन ओळींशी झगडतोय. फोटो समोर टेबलावर आहे. तो कुठून आला ते सांगतो, पण शेवटी. आधी सांगितलं तर पुढचं लिहवणार नाही.

बासष्ट साली मी कारखान्यात लागलो. तेव्हा पिंपरीकडं नुसती माळरानं, मध्येच एखादी नवी पत्र्याची शेड. घरी मोशीला जमीन होती, बैल होते. वडील म्हणाले, "शेती हाय, जनावरं हायती, आन् तू लोकाच्या लोखंडाला हात लावायला निघालास व्हय?" मी ऐकलं नाही. काही महिने सायकलवर ये-जा केली, मग कासारवाडीत स्टेशनजवळ एक खोली घेतली. हिरा, माझी बायको, तिथंच संसाराला आली. शेजारच्या खोलीत सोपान कांबळे राहायचा. उस्मानाबादकडचा. तो, त्याची बायको आणि एक मुलगी, नुकती चालायला लागलेली. सोपान आणि मी एकाच खात्यात, एकाच शिफ्टला. जाताना बरोबर, येताना बरोबर. त्याच्या घरची शेंगादाण्याची चटणी माझ्या डब्यात असायची आणि हिरानं केलेलं काहीबाही त्याच्या डब्यात.

आमच्या खात्यात विजेच्या मोटारीची झाकणं निघायची. पत्रा प्रेसच्या तोंडात सरकवायचा, पायानं पट्टी दाबायची, वरून दणका बसायचा, झाकण तयार. त्या तोंडापुढं एक लोखंडी जाळी असायची. पत्रा आत जाईल पण हात जाणार नाही, एवढीच फट. जाळी चार बोल्टवर बसवलेली. मी सेटर होतो, म्हणजे साचे बसवून मशीन लावून देणं माझं काम, चालवणं सोपानसारख्यांचं. जाळी काढायची-बसवायची ती सेटरनंच. तसा नियम होता. पण पाना काय, कुणाच्याही हाताला लागायचा.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची. अर्धा दिवस काम, मग सगळं बंद करून पुसापुशी, झेंडूचे हार, आंब्याचे टहाळे, नारळ, पेढे. एकदा पूजा झाली की दसरा उलटेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. ज्या वर्षाचं मी सांगतोय त्या वर्षी व्यवस्थापनानं एक टूम काढली. ज्या खात्याची सजावट उत्तम त्याला बक्षीस. मोठे साहेब सपत्नीक बघायला येणार, चिंचवडचा स्टुडिओवाला फोटो काढणार. आमच्या खात्याची सजावट माझ्याकडं आली — म्हणजे मी ओढून घेतली. दिवाळीनंतर युनियनच्या कमिटीची निवडणूक होती. मला उभं राहायचं होतं. साहेबांसमोर आणि लोकांसमोर एकाच वेळी मिरवायची एवढी चांगली संधी कोण सोडतं?

सोपान बौद्ध. पूजेत तो नसायचा आणि त्याबद्दल कधी वाद घालायचा नाही. आपलं मशीन मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ ठेवायचा. त्या दिवशी तो अर्धी रजा टाकून देहूरोडच्या विहारात निघाला होता, दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमाच्या तयारीला. जाताना माझ्यापाशी थांबला. "राव, माझ्या मशीनला हार-बिर घालू नको. मशीन कंपनीचं आहे, मला कळतंय, पण चालवतो मी. पुसून ठेवलंय बघ. तेवढं बास."

मी म्हणालो, "बरं."

बरं म्हणालो आणि घातला. त्याचं मशीन पहिल्या ओळीत पहिलं, दारातच. साहेब आत पाऊल टाकणार ते तिथंच. ते एक मशीन उघडंबोडकं ठेवायचं? बक्षीस जायचं अशानं. बाकीच्या मशीनवर जाळीवरूनच हार घातले होते, नेहमीसारखे. पण या पहिल्या मशीनचं काहीतरी खास करावं असं माझ्या डोक्यात आलं. मी जाळी काढली. ती मशीनच्या पायाला टेकवून ठेवली. चारी बोल्ट पँटच्या खिशात टाकले. साच्यावर कुंकवानं स्वस्तिक काढलं आणि प्रेसच्या तोंडात, बरोबर मधोमध, नारळ ठेवला. सगळे म्हणाले, काय दिसतंय! साहेब आले, हात जोडून त्या मशीनपुढं उभे राहिले. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "हे किती वेगळं केलंय." मी बाजूला उभा, छाती फुगवून. स्टुडिओवाल्यानं तेव्हाच फोटो काढला.

बक्षीस मिळालं — भिंतीवरचं घड्याळ. मग पेढे, मग कुणी खांद्यावर घेतलं, मग कमिटीच्या निवडणुकीची बोलणी. जाळी राहिली. बोल्ट खिशात राहिले. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी.

आता तुम्ही म्हणाल, विसरला माणूस. माणूस विसरतो. इथपर्यंत मलाही तसंच म्हणता येतं. म्हणून तर मी इथं थांबत नाही.

दसऱ्यानंतरच्या सकाळी पहिल्या शिफ्टला सोपान आला. हार बघितला. वाळलेला नारळाचा शेंडा खाली पडला होता तो उचलून टोपलीत टाकला. मग मला हाक मारली. "जाळी?"

मी खिसा चाचपला. पँट दुसरी होती. कालपरवाची घरी खुंटीला लटकत होती आणि बोल्ट तिच्यात.

काय करायचं होतं मला? सांगू? स्टोअरमध्ये जाऊन दुसरे बोल्ट आणायचे होते. त्यासाठी एक पिवळी चिठ्ठी लागायची, फोरमनच्या सहीची. फोरमन विचारणार, पहिले कुठं गेले? मग मला सांगावं लागणार की मी सजावटीसाठी जाळी काढली आणि बोल्ट खिशात घालून घरी नेले. फोरमन चार लोकांत बोलला असता. बास. एवढंच होतं ते. फार तर दोन दिवस लोक हसले असते. त्या एका पिवळ्या चिठ्ठीला मी भ्यालो. नंतर मी लाठीमाराला भ्यालो नाही, तुरुंगाला भ्यालो नाही, आणि पिवळ्या चिठ्ठीला भ्यालो. कसला मूर्खपणा!

"आजचा दिवस चालव," मी म्हणालो. "उद्या सकाळी बसवतो."

"जाळीबिगर?"

"माल अडकलाय, ट्रक थांबलाय. आणि तू काय नवखा आहेस का सोपान?"

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं. त्याला आपल्या हाताचा अभिमान होता, हे मला माहीत होतं. तो हसला, स्टूल ओढून बसला. नाश्त्याच्या सुट्टीआधी त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

ते वर्णन मी करणार नाही. भाषणांत केलंय मी, पुष्कळदा केलंय, लोक रडेपर्यंत. इथं नाही.

संध्याकाळी घरी गेलो तर हिरानं कपडे धुतले होते. खिशातले चारी बोल्ट काढून खिडकीत ओळीनं मांडून ठेवले होते. "कशाचे हो हे?" तिनं विचारलं. "कशाचे नाहीत," मी म्हणालो. नंतर रुळांच्या कडेनं चालत गेलो आणि ते एका नाल्यात टाकून आलो. शेजारच्या खोलीत सोपानची मुलगी आईला हाका मारत होती. आई दवाखान्यात होती. हिरानं तिला आमच्याकडं आणून जेवू घातलं.

तिसऱ्या दिवशी मी मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. कॉटशेजारी बसलो. सगळी जुळवाजुळव करूनच गेलो होतो. म्हटलं, सोपान, तू माझं नाव घेतलंस तर कंपनी मलाही काढील आणि तुलाही. दोघंही रस्त्यावर. मी आत राहिलो, कमिटीवर निवडून आलो, तर तुला परत आत घेऊन येईन. तू एवढंच सांग की जाळी नव्हती, कुणी काढली माहीत नाही. पुढं माझ्या हातात जोर आला की मी स्वतः उभा राहून सांगेन, चूक माझी होती.

त्यानं पट्टीचा हात उशीवर नीट ठेवला. मग म्हणाला, "मला पैशाचं काई नाही राव. पण लोकांनी म्हणू नये, कांबळेला मशीन येत नव्हतं. तेवढं खोडशील ना?"

"शब्द देतो," मी म्हणालो. त्याच्या डाव्या हातावर हात ठेवून म्हणालो.

त्यानं शब्द पाळला. चौकशीत ठरल्याप्रमाणं सांगितलं. आता माझी जबानी. मी म्हणालो, सोपानच्या मशीनलाही बाकीच्यांसारखा जाळीवरूनच हार घातला होता, जाळी मी काढली नव्हती. उघड्या तोंडातला नारळ खात्यातल्या सगळ्यांनीच बघितला होता. कुणी तोंड उघडलं नाही. कारण मोठे साहेब स्वतः त्या उघड्या मशीनपुढं हात जोडून उभे होते आणि कंपनीलाही ती आठवण नको होती. खात्याला फोटोची एक प्रत आली होती. ती भिंतीवर लागायच्या आत मी घरी नेली आणि चुलीत घातली. एवढं करून मी सुटलोच होतो. तिथं थांबलो असतो तर निदान —

नाही, निदानबिदान काही नाही. पुढचं सांगतो. याच्यासाठीच तर लिहायला बसलोय.

चौकशी अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा कांबळे पूजा मानत नाही ना? त्याच्या मशीनला हार घातल्याचा त्याला राग आला होता का? रागानं काढली असेल का जाळी?"

खोलीत आम्ही तिघंच होतो, तिसरा लिहून घेणारा कारकून. पंखा बंद होता. त्या माणसाला काय ऐकायचंय ते मला स्वच्छ कळलं. सोपानचा राग मला माहीत होता. तो कसा होता, तर पडलेला नारळाचा शेंडा उचलून टोपलीत टाकण्याएवढा. "नाही" म्हणायला मला काय लागत होतं? मी आधीच वाचलो होतो.

मी म्हणालो, "आला असेल."

दोन शब्द. ते कुणी माझ्याकडून वदवून घेतले नाहीत. आणि हे सोपानशी ठरलेलं नव्हतं. अहवालात आलं: पूजेच्या रागातून कामगारानं स्वतः जाळी काढली, अपघात त्याच्याच निष्काळजीपणामुळे झाला. सोपानला कामावरून काढलं. आणि कारखान्यात, टपरीवर, बसच्या रांगेत लोक बोलायला लागले — ही माणसं अशीच, देवाधर्माचं वावडं, भोगा म्हणावं आता. हे बोलणारे माझेच लोक होते. मला पुढं मतं देणारे. मी त्यांच्यात उभा राहून चहा पीत होतो आणि मान खाली घालून ऐकत होतो. मनात आणलं असतं तर एका वाक्यात त्यांची तोंडं बंद झाली असती.

मग मी आंदोलन केलं. खोटं वाटेल, पण मनापासून केलं. कमिटीवर निवडून आलो होतो. गेटवर नऊ दिवस बसलो. 'कांबळेला कामावर घ्या' म्हणून घसा फोडला. जे लोक त्याच्याबद्दल नाही नाही ते बोलले होते तेच माझ्या भाषणानंतर डोळे पुसायला लागले. पुण्याच्या पेपरात बातमी आली. नवव्या दिवशी कंपनी नमली. माणुसकीच्या भूमिकेतून कांबळेला स्टोअरमध्ये हलकं काम देतो म्हणाली. अहवाल मात्र तसाच राहणार.

त्या दिवशीची विजयसभा मला अजून दिसते. हजारभर माणूस होतं. सोपान माझ्याशेजारी, पट्टी बांधलेला. मला वाटलं, आत्ता. आत्ता नाही तर कधी? मी माईक धरला आणि म्हणालो, "मित्रहो, त्या दिवशी खरी चूक कुणाची होती ते आज मी सांगणार आहे —"

"मॅनेजरची!" खालून एकजण ओरडला. आणि मग सगळेच. मॅनेजरची, मॅनेजरची. कुणीतरी माझ्या गळ्यात हार घातला, कुणी पाय धरून उचललं. मी हात वर करून शांत व्हा म्हणत होतो. मनातून मात्र, अगदी खरं सांगतो, मला सुटल्यासारखं झालं. खांद्यावरून खाली बघितलं तर सोपान माझ्याकडं बघत होता. त्याला वाटलं असणार, बिचाऱ्यानं प्रयत्न तर केला.

तिथून मी जो उचलला गेलो तो वरच गेलो. युनियनचा सेक्रेटरी झालो. नगरपालिका आली तेव्हा पहिल्याच निवडणुकीत निवडून आलो, पुढं अध्यक्ष झालो. चाकणपासून कुरुळीपर्यंतच्या गावांतून माणसं कामं घेऊन यायला लागली. प्रत्येक वेळी सोपान येऊन भेटायचा. पेढे घेऊन यायचा, डाव्या हातानं द्यायचा. बाकीचे निघून गेले की हळूच विचारायचा, "राव, आता?"

"थांब जरा. आत्ताच तर आलोय." नाहीतर, "निवडणूक होऊ दे." नाहीतर, "तुझंच नुकसान होईल रे, केस उकरली तर." काय काय सांगितलं मी त्याला! आणि तो थांबायचा. त्याची नोकरी कुठली, तर स्टोअरच्या खिडकीत बसून पिवळी चिठ्ठी घेऊन नटबोल्ट मोजून द्यायचे. वर्षानुवर्षं तो तेच करत होता.

एकदा मात्र तो पेढ्यांशिवाय आला. मी तेव्हा नगरपालिकेचा अध्यक्ष होतो. त्याच्या मुलीनं, सुमननं, चौकशीच्या अहवालाची नक्कल स्वतःच्या अक्षरात उतरवून आणली होती. शिकत होती ती, हुशार निघाली. त्यानं तो कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं — उजव्या हाताचं, उरलेलं. "राव, निष्काळजी लिवलं ते समजतंय, मी कुणाचं नाव घेतलं न्हाई. पण हे रागाचं कुठून आलं यात? मी तर कुणावर रागावलो न्हवतो. पोरगी इचारतीय."

मी कागद हातात घेतला, वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "चौकशीवाल्या साहेबानं घातलं असेल."

त्यानं माझ्याकडं बघितलं. कागदाची घडी केली, खिशात घातली आणि उठला. "बरं. येतो, साहेब." त्या दिवसापर्यंत मी त्याचा राव होतो. पुढं कधीच झालो नाही.

मग आमदार, मग राज्यमंत्री. खातंही असं मिळालं की कामगारांच्या फायली माझ्याकडं यायच्या. मुंबईत मोठी खोली, दारात शिपाई, टेबलावर दोन फोन. एका दुपारी जेवून येऊन बसलो आणि फायलींच्या गठ्ठ्यात ती निघाली. सुमनचं अक्षर मी ओळखलं. आता ती कासारवाडीत शाळामास्तरीण आहे. अर्ज वडिलांच्या नावानं होता: अपघाताची फेरचौकशी व्हावी आणि अहवालातून 'पूजेच्या रागातून' आणि 'स्वतःच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द वगळावेत. पैसे मागितले नव्हते. नुकसानभरपाईचा उल्लेखसुद्धा नव्हता. शेवटी तिनं आपल्या मनानं एक वाक्य घातलं होतं — आमचे वडील आजही आपल्यावर विश्वास ठेवून आहेत.

खाली कार्यालयाची टिपणी: नवीन पुरावा जोडलेला नसल्याने फेरचौकशीची आवश्यकता दिसत नाही. आदेशार्थ सादर.

आदेशार्थ. म्हणजे आता मी सांगेन तसं. वरती कुणी नव्हतं, विचारायचं कुणाला नव्हतं. हातात जोर आला की सांगेन म्हणालो होतो ना? आला होता. याहून जास्त जोर माझ्या हातात कधी येणार नव्हता. पुरावा नाही काय म्हणता? पुरावा खुर्चीत बसला होता.

मी किती वेळ बसलो असेन? दहा मिनिटं. एवढ्या वेळात मनात काय आलं तेही सांगतो, लपवत नाही. मंत्रिमंडळ डळमळीत आहे. विरोधक टपलेत. पेपरवाले काय मथळा देतील. सोपानचं काय, तो सांभाळून घेईल, इतकी वर्षं घेतलंच आहे. असलं सगळं. सोपानचा हात आठवला का? नाही आठवला. लाज वाटते सांगायला, पण नाही आठवला. पिवळ्या चिठ्ठीच्या वेळी जसा आतून आकसलो होतो अगदी तसाच आकसलो. मोळीतून निसटलेल्या लाकडासारखे आपण एकटे पडू या भीतीनं तेव्हाही गप्प बसलो, आताही. मी पेन उचललं आणि लिहिलं, 'दप्तरी दाखल करावे.' खाली सही केली. झोकात केली, नेहमीसारखी.

सोपान त्यानंतर आला नाही. माझं मंत्रिपद गेलं तेव्हाही नाही, हिराच्या आजारपणात सुमन येऊन गेली, तो नाही. मी त्याच्या घरी गेलो का? गाडी दोनदा कासारवाडीच्या फाटकापर्यंत नेली. फाटक बंद होतं, आगगाडी जायची होती. दोन्ही वेळा मी ड्रायव्हरला म्हणालो, वळव.

आता फोटोचं.

देशमाने म्हणाले, "साहेब, कांबळेकाकांकडं गेलो होतो. तुमच्या आठवणी सांगा म्हटलं. त्यांनी ट्रंक उघडली आणि हा काढून दिला. म्हणाले, दवाखान्यातून घरी आल्या आल्याच चिंचवडच्या स्टुडिओतून प्रत घेतली होती. केवढं प्रेम बघा साहेब तुमच्यावर! इतकी वर्षं जपून ठेवला."

मी फोटो हातात घेतला. झेंडूचा हार घातलेलं मशीन, उघड्या तोंडात नारळ, पुढं हात जोडलेले साहेब, बाजूला छाती फुगवून मी. आणि मशीनच्या पायाला टेकवलेली जाळी. लख्ख दिसते. देशमान्यांना दिसत नाही, कारण ती काय आहे हे त्यांना माहीत नाही.

म्हणजे हा त्याच्याकडं होता. मी गेटवर नऊ दिवस घसा फोडत होतो तेव्हा होता. लोक त्याला धर्मबुडव्या म्हणत होते तेव्हा होता. मी त्याच्या तोंडावर 'साहेबानं घातलं असेल' म्हणालो त्या दिवशी घरी ट्रंकेत होता. आणि सुमनच्या अर्जाला त्यानं तो जोडला नाही. एक फोटो जोडला असता तर तो शेरा मला लिहिताच आला नसता. का नाही जोडला? मी आपण होऊन बोलतोय का ते बघायचं होतं? की दिलेला शब्द मोडायचा नव्हता? मला माहीत नाही. त्याला विचारायचा अधिकार मी केव्हाच घालवलाय.

फोटोच्या मागं काही लिहिलं असेल म्हणून मी तीनदा उलटून बघितला. काही नाही. नुसता स्टुडिओचा शिक्का.

उद्या सकाळी देशमाने ओळी न्यायला येतील. त्यांना हा सगळा कागद देणार आहे, आणि फोटोखाली छापायला या ओळी, माझ्या हस्ताक्षरात:

खंडेनवमी, प्रेस शॉप. डावीकडे उभा आहे तो मी. मशीन सोपान कांबळे यांचं आहे. ते फोटोत नाहीत. मशीनच्या पायाशी टेकवलेली जाळी मी काढली होती. ती न बसवता मशीन चालवायला मीच सांगितलं. ते कुणावरही रागावलेले नव्हते.